सँडी कोफॅक्स : तिसाव्या वर्षी थांबलेला डावा हात

डावखुरा (लॉस एंजेलिस)

१८ नोव्हेंबर १९६६. बेव्हर्ली हिल्समधल्या एका हॉटेलात बेसबॉलपटू सँडी कोफॅक्सने पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं, मी खेळणं थांबवतोय. एकतीस पूर्ण व्हायला सहा आठवडे बाकी होते. दीड महिन्यापूर्वी संपलेल्या मोसमात त्याने २७ सामने जिंकले होते, ३१७ जणांना स्ट्राइकआउट (फटका न लागता, तीन स्ट्राइकवर बाद) केलं होतं आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, जेमतेम १.७३ धावा दिल्या होत्या. त्या वर्षी त्याच्यापेक्षा चांगला पिचर अमेरिकेत नव्हता. तरी तो थांबला, कारण डावं कोपर संपत आलं होतं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याच हाताने जगायचं होतं.

इथे बहुतेक मंडळी क्रिकेटची, म्हणून थोडं समजावून सांगतो. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच, पण तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर पाय रोवून ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. चेंडूला टप्पा नाही. कोपर हवं तसं वाकवायची मुभा. पायांतून, कंबरेतून आलेला सगळा जोर शेवटी त्या एका कोपरातून बाहेर पडतो.

कोफॅक्स ब्रुकलिनचा. बास्केटबॉलच्या जोरावर सिनसिनाटी विद्यापीठात गेलेला पोरगा. १९५४ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला १४,००० डॉलर बोनस आणि ६,००० पगार देऊन घेतलं. तेव्हा नियम असा होता की ४,००० च्या वर बोनस दिला तर त्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खालच्या लीगमध्ये शिकायला पाठवायचं नाही. म्हणजे आपल्याकडे रणजी न खेळता पोरगा थेट कसोटी संघात, तोही बाकावर बसायला. वेग अफाट, पण चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. सहा वर्षांत ३६ विजय, ४० पराभव. १९५८ मध्ये संघच ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला आला, तरी याचं नशीब तेच. १९६० च्या शेवटच्या सामन्यानंतर त्याने आपलं खेळाचं सामान क्लबहाउसमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आता दुसरं काहीतरी बघायचं, असं ठरवून.

पण १९६१ च्या वसंतात तो सरावाला परत आला. फ्लोरिडात ऑरलँडोला एक सरावसामना होता. बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यांवर, समोरच्या संघाची माणसं भरली. कॅचर (आपला यष्टिरक्षकच) नॉर्म शेरी उठून त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, जोर थोडा कमी कर, पकड सैल सोड, त्यांना फटका मारू दे. कोफॅक्सने तसं केलं आणि पुढचे तिघे स्ट्राइकआउट झाले. त्या दिवशी सात इनिंग टाकून त्याने एकही फटका लागू दिला नाही. वेगही फारसा उतरला नव्हता! सहा वर्षं तो चेंडू आवळून धरत होता, एवढंच. त्या मोसमात २६९ स्ट्राइकआउट करून त्याने ख्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा नॅशनल लीगचा (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) विक्रम मोडला.

पुढची चार-पाच वर्षं मी भरभर सांगतो, आकडे कुठेही मिळतात. १९६३ ला २५ विजय, ५ पराभव, आणि वर्ल्ड सिरीजच्या (दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) पहिल्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजचे १५ जण स्ट्राइकआउट. १९६५ ला ३८२ स्ट्राइकआउट, नवा विक्रम. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तेव्हा दोन्ही लीग मिळून एकालाच देत. तो याने तीनदा एकमताने घेतला.

मला लिहायचंय ते त्या कोपराबद्दल. १९६४ च्या ऑगस्टमध्ये सेकंड बेसवर परत झेप घेताना तो डाव्या हातावर आपटला. निदान झालं, दुखापतीतून आलेली सांधेझीज. पुढच्या मार्चमध्ये एक पूर्ण सराव-सामना टाकून सकाळी उठतो तर अख्खा डावा हात आतल्या रक्तस्रावाने काळानिळा. डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी सांगितलं की हा हात कधीतरी निकामी होणार. त्यानंतरही हा माणूस दोन वर्षं खेळला, दोन्ही वर्षी तीनशेच्या वर इनिंग टाकल्या.

कसा खेळला ते ऐका. सामन्याआधी हाताला कॅप्सोलिन नावाचं मलम चोळायचे. त्यात मिरचीचा अर्क. नुसतं बोट लागलं तरी आग व्हावी असं मलम तो खांद्यापासून खालपर्यंत थापून घ्यायचा. पोटात दुखणं दाबणारी कोडीनची गोळी आणि सूज उतरवणारं ब्युटाझोलिडिन. कोपराच्या सांध्यात अधूनमधून कॉर्टिझोनची सुई. सामना संपला की टायरच्या ट्यूबची बाही करून हातावर चढवायची, कातडी जळू नये म्हणून, आणि कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचं. आधी मिरची, मग बर्फ, दर चौथ्या दिवशी. हात सरळ होईना, तेव्हा शिंप्याला कोटाची डावी बाही आखूड करावी लागली.

हे वाचताना मला माझा खांदा आठवतो. मीही डावखुरा मध्यमगती. पंचवीस वर्षांचा असताना एका अंतिम सामन्यासाठी खांद्यात सुई घेऊन एकोणीस षटकं टाकली. संघाचं नाव घेत नाही, त्या लोकांनी तेव्हा पाठ थोपटली होती आणि पुढच्या मोसमात मी यादीतही नव्हतो. आज वरच्या फळीवरचा डबा मला डाव्या हाताने काढता येत नाही. म्हणून कोफॅक्स माझ्यासाठी ३८२ स्ट्राइकआउटपेक्षा त्या नोव्हेंबरातल्या दिवसामुळे मोठा आहे. जग आणखी माग म्हणत असताना त्याने आपला हात परत मागून घेतला.

---

नवगावची लेक (अश्दोद, इस्रायल)

डावखुराभाऊ, तुम्ही १९६५ ची वर्ल्ड सिरीज गाळलीत, म्हणून लिहिते. पहिला सामना ६ ऑक्टोबरला मिनेसोटात होता आणि त्याच दिवशी योम किप्पूर, ज्यूंचा उपासाचा सर्वांत पवित्र दिवस, आलं. कोफॅक्स ज्यू. तसा फार देवधर्म करणारा नव्हे, पण त्या दिवशी तो मैदानात उतरला नाही. त्याच्या जागी संघातल्या दुसऱ्या पिचरने, डॉन ड्रायस्डेलने, पिचिंग केलं आणि डॉजर्स ८-२ हरले.

आमच्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) घरांत, अलिबागकडे, योम किप्पूरला दरफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. माझी आजी त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाला तेल हवं असलं तरी शनिवारी घाणा फिरायचा नाही, आणि गावानेही ते मानलं.

बाबा पुढे मुंबईत नोकरीला लागले. दरफाळणीच्या रजेसाठी त्यांना दरवर्षी साहेबापुढे उभं राहून सणाचा अर्थ पहिल्यापासून समजावून द्यावा लागे. इस्रायलला आल्यावर न्यूयॉर्कहून आलेल्या शेजारणीने मला कोफॅक्सची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, त्या वर्षी तिच्या वडिलांनी कामावर रजा मागितली तेव्हा पहिल्यांदा कुणी कारण विचारलं नाही. मला त्या बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलं.

---

डावखुरा

मावशी, हे लिहिलंत, धाग्याचं सोनं झालं. त्या सिरीजचा शेवट सांगतो. कोफॅक्स दुसरा सामना हरला, पाचवा ७-० ने जिंकला. सातव्या सामन्याच्या वेळी मध्ये फक्त दोन दिवसांची विश्रांती झाली होती. ड्रायस्डेलला तीन दिवस मिळाले होते. व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांनी तरी कोफॅक्सला उभं केलं. त्या दिवशी त्याचा कर्व्ह बॉल, म्हणजे वळून खाली येणारा चेंडू, पडतच नव्हता. तो सोडून दिला आणि जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर नऊ इनिंग काढल्या, सगळ्यांना माहीत असताना की पुढचाही फास्टबॉलच येणार. समोरच्यांना तीनच हिट (फटका मारून बेस गाठणं), दहा स्ट्राइकआउट, २-० ने सामना आणि सिरीज.

---

पहिलटकर

छान धागा. एक भाबडा प्रश्न, परफेक्ट गेम म्हणजे नेमकं काय? कोफॅक्सच्या नावापुढे हा शब्द सारखा दिसतो.

---

डावखुरा

नऊ इनिंग, दर इनिंगला तीन बाद, म्हणजे समोरचे सत्तावीस. सत्ताविसांपैकी एकही कशानेच बेसवर पोचला नाही तर परफेक्ट गेम. फटका नाही, चार बॉलवर (वाइडसारखे चेंडू) फुकटची चाल नाही, क्षेत्ररक्षकाची चूकही नाही. एकही फटका नाही पण कुणीतरी दुसऱ्या मार्गाने बेसवर पोचला, तर तो नुसता नो-हिटर. कोफॅक्सने १९६२ पासून सलग चार वर्षं दरवर्षी एक नो-हिटर टाकला आणि चौथा परफेक्ट निघाला. ९ सप्टेंबर १९६५, शिकागो कब्जविरुद्ध, डॉजर स्टेडियममध्ये.

त्या रात्री समोरचा पिचर बॉब हेंडली. त्यानेही अख्ख्या सामन्यात एकच हिट दिला, आणि त्या हिटवर धाव झाली नाही! एकमेव धाव आली ती अशी: डॉजर्सच्या लू जॉन्सनला चार बॉल मिळाले, सहकाऱ्याने स्वतःचा बळी देऊन मारलेल्या फटक्यावर तो दुसऱ्या बेसवर गेला, तिसरा बेस चोरला (फटका नसताना पळून गाठला), तेवढ्यात कॅचरची फेक हुकली आणि तो घरी. सामना १-०. कोफॅक्सचे १४ स्ट्राइकआउट, त्यातले शेवटचे सहाच्या सहा. नवव्या इनिंगमध्ये रेडिओवर समालोचक व्हिन स्कली यांनी वेळ सांगत वर्णन केलं, कारण त्यांना तो क्षण नोंदवून ठेवायचा होता. रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं. ती ध्वनिफीत शोधून ऐकाच. शेवटचा बाद झाल्यावर स्कली गप्प बसतात आणि नुसता लोकांचा आवाज येत राहतो.

हेंडलीचं वाईट वाटत असेल तर सांगतो. पाचच दिवसांनी शिकागोत दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि हेंडलीने २-१ ने बाजी मारली.

---

आकडेवेडा

लेख आवडला, पण एक बाजू मांडायलाच हवी. डॉजर स्टेडियम १९६२ मध्ये उघडलं, तिथली हवा आणि मैदान पिचरला धार्जिणं. १९६३ पासून स्ट्राइक झोन (चेंडू ज्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक धरतात ती) मोठा केला होता. पिचरचा उंचवटा १५ इंचांचा होता, तो १९६९ मध्ये १० वर आणावा लागला, कारण फलंदाज पार झोपले होते. कोफॅक्सचे सुवर्णदिन नेमके याच काळातले. आणि एकूण विजय १६५. वॉरन स्पानचे ३६३ आहेत. नोलन रायन २७ मोसम खेळला, ५,७१४ स्ट्राइकआउट केले, आणि कोफॅक्सचा ३८२ चा विक्रमही त्यानेच १९७३ मध्ये एका स्ट्राइकआउटने मोडला. दीर्घकाळ टिकून राहणं ही काय कमी गुणवत्ता आहे?

---

डावखुरा

मुद्दे बरोबर आहेत. घरच्या मैदानावरचे त्याचे आकडे बाहेरच्यापेक्षा चांगले आहेत, ते मी नाकारत नाही. सातवा सामना मात्र मिनेसोटातला होता, तिथे घरच्या मैदानाची मदत नव्हती. टिकून राहण्याबद्दल आपलं पटणार नाही असं दिसतंय. स्पान आणि रायन यांच्या हातांनी त्यांना साथ दिली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. कोफॅक्सच्या हाताने दिली नाही. ज्याला हातच साथ देत नाही त्याला वर्षांच्या तराजूत कसं घालायचं?

---

सांधेवाली (नाशिक)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून औषधांबद्दल लिहिते. ब्युटाझोलिडिन म्हणजे फिनाइलब्युटाझोन. ते घोड्यांना देतात, आजही. माणसांत त्याने अस्थिमज्जेवर, रक्तपेशींवर घातक परिणाम होऊ शकतात, म्हणून अमेरिकेत ते माणसांसाठी बंद झालं. कॉर्टिझोनने सूज उतरते, दुखणं दबतं, पण सांध्याची झीज तिथेच राहते. वारंवार घेतलं तर कूर्चेचं नुकसानच. मिरचीच्या मलमाने आगीकडे लक्ष जातं आणि आतली कळ कमी जाणवते. थोडक्यात, सगळे उपाय दुखणं ऐकू न येण्याचे होते. सांध्यावरचा इलाज त्यात एकही नव्हता, कारण तेव्हा तो उपलब्धच नव्हता.

आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजांचं कंबरेचं हाड, गुडघा, घोटा जातो. पिचरचं कोपर आणि खांदा जातो. फेकताना कोपर बाहेरच्या दिशेने उघडायला बघतं आणि आतल्या बाजूचं लिगामेंट त्याला धरून ठेवतं. प्रत्येक चेंडूला ते दोरीसारखं ताणलं जातं.

केर्लन यांचे भागीदार डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला डॉजर्सचाच डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातला एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात लिगामेंटच्या जागी बसवला. जॉन एक अख्खा मोसम बाहेर बसला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेनंतर १६४ विजय! कोफॅक्सच्या सगळ्या आयुष्याचे १६५. मात्र कोफॅक्सचं निदान सांधेझिजेचं होतं. ही शस्त्रक्रिया आठ वर्षं आधी आली असती तर तो वाचला असता असं लोक सर्रास म्हणतात, ते इतकं सरळ नाही.

---

गिरणगावकर

मी आयुष्यभर कामगार चळवळीत काम केलं. खेळाडूच्या हातातून मालकाने किती काढून घेतलं, आणि त्याला काय दिलं?

---

डावखुरा

काका, हा भाग मी लांबेल म्हणून ठेवला होता. तेव्हाच्या करारांत एक कलम असे. करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क. दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. घासाघीस करताना मालक एकाला सांगायचा, तो दुसरा तर कमी पैशांत तयार आहे. कोफॅक्स आणि ड्रायस्डेल यांना १९६६ च्या सुरुवातीला कळलं की दोघांना एकमेकांच्या नावाने असंच दाबलं जातंय. मग त्यांनी ठरवलं, सही करायची तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही. तीन वर्षांचे दोघांचे मिळून दहा लाख डॉलर मागितले, एकच वकील लावला, आणि महिनाभर सरावाला गेले नाहीत. शेवटी एका वर्षासाठी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० वर तोडगा निघाला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण जोडीने उभं राहता येतं हे इतरांना दिसलं. त्याच वर्षी मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले, आणि १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने त्या कलमाचा कणा मोडला. या करारावरच कोफॅक्सने ते शेवटचं वर्ष काढलं.

---

गिरणगावकर

दोघांनी एका कागदावर सही अडवली, हे मी आमच्या पोरांना वाचून दाखवणार आहे.

---

पॅव्हेलियन

विजय मर्चंट आठवले. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४, कसोटीतली त्यांची सर्वोच्च खेळी, आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला. तीच शेवटची कसोटी. लोक ‘का थांबलास’ विचारतात तेव्हाच थांबावं, हे त्यांचं बोलणं आपण सगळे उठता-बसता सांगतो, पण त्यामागचा खांदा विसरतो.

---

केळीची बाग (जळगाव)

माझी मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या संघात सॉफ्टबॉलची पिचर आहे. हात खालून फिरवून टाकते. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत तिला दोन दिवसांत चार सामने टाकायला लावले. खांदा दुखतोय म्हणाली तर तिला सांगितलं की सवय होईल. मी तेव्हा गप्प बसले. तुमचा धागा वाचून रात्री तिला सगळा सांगितला. किती चेंडू टाकावेत याला काही मोजमाप आहे का?

---

सांधेवाली (नाशिक)

ताई, आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या मुलांसाठी वयानुसार मर्यादा ठरवल्या आहेत. नऊ-दहा वर्षांना दिवसाला ७५ चेंडू, अकरा-बारा वर्षांना ८५, तेरा-चौदाला ९५, आणि जितके जास्त टाकले तितके जास्त दिवस सक्तीची सुट्टी. हे वरून फेकण्यासाठीचं मोजमाप आहे. खालून टाकताना हाताला कमी त्रास होतो असा समज आहे, पण खांद्याच्या पुढच्या भागावर, दंडाच्या स्नायूच्या मुळाशी चांगलाच ताण येतो. वहीत चेंडू मोजायला लागा, सरावातलेसुद्धा. दुखत असताना चेंडू हातात द्यायचा नाही. आणि आठवडाभर थांबून दुखणं गेलं नाही तर दाखवून घ्या, उशीर करू नका.

---

केळीची बाग (जळगाव)

वही आजच आणली. सरांशी उद्या बोलणार आहे, या वेळी गप्प बसणार नाही. मुलगी शेजारी बसून वाचतेय, तिचा एक प्रश्न आहे. त्या काकांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं सामान, ते गेलं का?

---

डावखुरा

नाही बाळा, गेलं नाही. नोबे कावानो नावाचे गृहस्थ डॉजर्सचं क्लबहाउस सांभाळायचे. सगळे निघून गेल्यावर त्यांनी ते डब्यातून काढून ठेवलं. कोफॅक्स परत आला तर त्याला देऊ, नाहीच आला तर दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल, असा विचार करून. पुढच्या वसंतात तो सरावाला आला, तेव्हा कावानोंनी त्याचं त्याला परत दिलं.